अंगठाभर ढिला

शहापूर,
६ डिसेंबर १९४०

प्रिय मैना,

हे पत्र धोंडीच्या हाती देतोय. त्याला गूळपाणी दे, ओटीवर बसव, आणि पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर अंगणात पाऊल टाकू नकोस. धोंडी घाई करील, उगाच हसेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नको. मी चौथी शिकलेला लोहार. दोन पानं लिहायला मला अख्खी सकाळ लागली आहे, तेव्हा तूही ती सावकाशच वाच.

आधी घरची खबर. तुझी आई ठणठणीत आहे. भात झोडून घरात आलं. कपिला व्याली, कालवड झाली. आईनं तिचं नाव मैना ठेवलंय, कारण ती हाक मारली तरी येत नाही. हे शब्द आईचे, माझे नव्हेत. तुझा पहिला दिवाळसण, आणि तू आली नाहीस. चंदररावांनी निरोप धाडला की नांगरांचं काम फार आलंय. आमच्या जावयांना खोटं बोलता येत नाही हे त्या निरोपावरूनच कळलं. ऐन कापणीत नांगर कोणाला आठवतो? आईनं तुझ्या वाटणीच्या करंज्या डब्यात ठेवल्या होत्या. रोज डबा उघडून त्यांच्याकडे बघायची, आणि मग माझ्याकडे.

तू का आली नाहीस ते तिला ठाऊक आहे आणि मलाही. लग्नात आंदणाची भांडी मांडली तेव्हा तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, बाबा, हंडा-कळशी नको, मला भोकं पाडायचं मशीन द्या. आणि मी सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असा हसलो. म्हणालो, पोरी आंदणात भांडी नेतात, मशीनचा पट्टा सांभाळणं बायांचं काम नव्हे. तू हंडा उचललास आणि गाडीत जाऊन बसलीस. त्या हसण्याचं काय करायचं ते मला गेले सात महिने कळत नाही.

मशीन आणलं तो दिवस आठवतो का? घाटातलं काम आटोपल्यावर एका ठेकेदारानं ते कसाऱ्याला टाकून दिलं होतं. मी बैलगाडीत घालून घरी आणलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. धोंडीनं मोठं चाक फिरवलं, चाकावरचा चामड्याचा पट्टा मशीनच्या कप्पीवर पळाला, आणि पाव इंच जाडीच्या लोखंडी पट्टीला बघता बघता भोक पडलं. सगळी आळी गोळा झाली होती. तू ती पट्टी डोळ्याला लावून भोकातून सगळ्यांकडे बघत फिरलीस. मी तेव्हापासून सांगत आलो की पट्टा ताठ हवा, टिचकी मारली की ताशासारखा वाजला पाहिजे. रोज संध्याकाळी चाक बसवलेली लाकडी घोडी जराशी मागे सरकवायची, बोल्ट आवळायचे आणि टिचकी मारून बघायची, हा माझा नेम. दामू लोहाराचा पट्टा कधी सरकत नाही आणि कधी तापत नाही, असं मी किन्हवलीपर्यंत मिरवत होतो.

तू गेलीस आणि आषाढात मशीन ओरडायला लागलं. मी घोडी आणखी मागे घेतली. कप्पीचा दांडा ज्यात फिरतो तो बुश इतका तापला की आईनं विचारलं, यावर चहा ठेवू का? मी भोक पाडणाऱ्या बिटला दोष दिला, तेलाला दिला, पावसाळी हवेला दिला. खंडेनवमीला आईनं पूजा करताना पट्ट्याला हळदकुंकवाचं बोट लावलं होतं, म्हणून दसऱ्यानंतर तिलाही दिला. नाचता येईना अंगण वाकडं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि पाचव्या दिवशी तिनं आमटीत मीठच घातलं नाही. ती मी मुकाट्यानं प्यालो.

मग दहा दिवसांपूर्वी किन्हवलीच्या शाळेच्या दारांसाठी बिजागऱ्या करायला घेतल्या. तिसऱ्या पट्टीला बुश जाम झाला, बिट मोडलं, पट्टा फाटकन तुटून माझ्या पागोट्यावरून गेला. धोंडी चाक सोडून खाली बसला. त्याला दम लागला होता. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "मालक, आता बोलतो, नायतर माजं हात निखळतील. तुमी सांजच्याला पट्टा आवळायचे, न् मैना सकाळी उठून अंगठाभर ढिला करायची. सात वर्सं. तिनं मला शपथ घातली व्हती." मी विचारलं, शपथ कशाला? तर म्हणाला, "ती बोलायची, बाबांना नाय सांगायचा, त्यांना वाईट वाटंल."

पडलो तरी नाक वर. मी म्हणालो, मला ठाऊक होतं. धोंडी हसलासुद्धा नाही. मग मी पट्टा चामड्याच्या वादीनं शिवला, घोडी पुढे घेतली, आणि तू करायचीस म्हणे तसा पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबला. अंगठ्याच्या जाडीइतका दबला तेव्हा बोल्ट आवळले. टिचकी मारली तर मुळीच वाजला नाही. धोंडीनं चाक फिरवलं आणि मैना, तो आवाज! तू घरात होतीस तेव्हाचा आवाज होता तो. सगळ्या बिजागऱ्या झाल्या तरी बुश गार. मला इतका आनंद झाला की कारण नसताना मी आईच्या जुन्या तव्याला तीन भोकं पाडली. आई लाटणं घेऊन बाहेर आली आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना हसताना बघून तीही हसायला लागली. मग पदरानं डोळे पुसायला लागली. माझेही तिनंच पुसले.

सात वर्षं तुझ्या हातचं काम मी माझं म्हणून मिरवलं, आणि तुलाच सांगितलं की हे तुझं काम नव्हे. मी चुकलो, पोरी. लेकीला असं लिहायची आमच्यात रीत नाही, पण सगळ्या वऱ्हाडासमोर हसायची तरी कुठे होती?

आता हे पत्र लिहायचं कारण सांगतो. आंदण सात महिने उशिरा दिलेलं चालतं का, हे मी भटजींना विचारलेलं नाही. मला भाता आणि ऐरण पुरे. भोकांची कामं मी बाजाराच्या दिवशी मुरबाडला तुझ्या घरी घेऊन येईन आणि इतरांसारखा ओटीवर बसून माझी पाळी येईस्तोवर थांबेन. धोंडी दोन महिने तुझ्याकडे राहील, चंदररावांना चाक फिरवायला शिकवील. पट्टा मी उतरवून ठेवलाय, तो तूच चढव. कधी मी शेजारी उभा असलो आणि माझा हात बोल्टकडे गेला, तर चापट मार. मशीनवरचा पेंढा सावकाश काढ, नाहीतर कप्पीला ओरखडा उठेल. जा आता अंगणात, गाडी केव्हाची उभी आहे.

तुझाच,
बाबा