साहेबाच्या दाराबाहेरच्या चपला

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

अजून तोंड कडू आहे. पोरगा प्रकाश प्रांताधिकारी झाल्यावर आज पहिल्यांदा धुळ्याकडे त्याच्या कचेरीत गेलो. दाराबाहेर चपलांचा ढीग. शिपाई म्हणाला, "आबा, चपला आठेच काढा. इंग्रजसना टाइमपासून रीत शे." मुकाट्याने तिथेच काढल्या. का काढल्या?

आत माझा पोरगा टेबलाखाली चकचकीत बूट हलवत बसलेला. समोर सत्तरीची एक अक्का अनवाणी उभी. खुर्च्या रिकाम्या.

गोऱ्यांनी आपल्या माणसाला बराच काळ फार तर डेप्युटी कलेक्टरपर्यंत चढू दिलं, आणि त्यालाही साहेबापुढे जोडे काढायला लावले. आता परीक्षा आपली, पेपर मराठीत, साहेब माझ्याच घरचा. आणि चपला अजून बाहेरच! शेतीचे पाइप विकून याला शिकवलं ते यासाठी?

"बाबा, तुम्ही कशाला काढल्या? तुम्हाला कोण अडवणार?" तो हसला.

"आणि या अक्कांना?"

"सिस्टीम आहे हो. माझ्या आधीपासूनची."

किळस आली. मी अक्काला हात धरून खुर्चीवर बसवलं. ती घाबरून लगेच उठली. आणि पोराने माझ्याकडे पाहिलं ते साहेबाच्या डोळ्यांनी.