त्रेचाळीस जणांचा बँड

परमप्रिय साडूभाऊ,

दोन्ही हात जोडून नमस्कार (बँडची छडी तेवढ्यापुरती काखेत धरली आहे). तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढता येतो का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, संथपणे चालता येतं का? उगाच विचारतोय, काळजीपोटी.

इकडे माझी झोप उडाली आहे. रविवारी कारखान्याचा वर्धापनदिन. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून बजावलं की, या वेळी बँड सरळ, भरलेल्या रांगांत चालला पाहिजे. मागच्या वर्षीसारखं कुणी शेपटीला लोंबकळताना दिसलं, तर छडी सनईवाल्याकडे जाईल. सनईवाला तेव्हा दाराबाहेरच उभा होता आणि अंगठ्याने मिशी साफ करत होता. अठरा वर्षं ही छडी माझ्या हातात आहे, साडूभाऊ. ती गेली तर मला घरी तरी कोण विचारणार? (तुमची मेहुणी आत्ताही विचारत नाही, पण निदान छडी तरी आहे.)

आम्ही भरलो त्रेचाळीस. मी सगळ्यांना अंगणात उभं केलं. दोन-दोनच्या रांगा लावल्या, एक उरला. तीन-तीनच्या लावल्या, पुन्हा एक उरला. दोन्ही वेळा उरणारा मीच, कारण सगळ्यांना जागा दाखवून शेवटी धावत येऊन उभा राहणारा मी. मग चार-चारच्या लावायला घेतल्या, तेवढ्यात गॅलरीतून कपडे वाळत घालता घालता सौभाग्यवती ओरडली, "अहो, दोननं भाग जात नाही तर चारनं कसा जाईल?" मी ऐकलं नाही. तीन उरले. पाचच्या लावल्या, तरी तीन उरले. तोवर मोठी पिपाणी वाजवणारा पिपाणीवरच बसला होता. मी सातच्या लावा म्हणालो, तर पुन्हा वरून आवाज, "सात साती एकोणपन्नास! तुमची माणसं त्रेचाळीस. सातच्या रांगा लागल्याच असत्या, तर त्या सातापेक्षा कमी झाल्या असत्या. आणि त्या लहान आकड्यांनी तर तुम्हाला आधीच हाकलून दिलंय!" मी बाणेदारपणे सातच्याही लावल्या. एक उरला. मीच.

थोडक्यात काय, त्रेचाळीस ही मूळ संख्या निघाली. एकाच्या आणि स्वतःच्या पाढ्याशिवाय ती कुठे जातच नाही, अगदी तुमच्यासारखी घरकोंबडी. म्हणजे मार्ग दोनच. एक, सगळ्यांनी एकामागे एक चालायचं. तेही करून पाहिलं, तर पुढचे वळणावर दुसरं गाणं वाजवू लागले तेव्हा मागचे पहिल्याच गाण्याच्या अर्ध्यात होते. किंवा त्रेचाळीस जणांनी खांद्याला खांदा लावून चालायचं. पण रस्त्यावर सहाच माणसं मावतात, बाकीच्यांना दुकानांतून चालावं लागेल.

असो. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
छडीवाला साडू

ता. क. तुम्ही आलात तर आम्ही चव्वेचाळीस होतो. चार-चारच्या अकरा रांगा, एकही उरत नाही! एक सैल गणवेश शिल्लक आहे, तो तुमच्या पोटासाठीच शिवल्यासारखा आहे. झांजा देईन. एक या हातात, एक त्या हातात धरायची. दोघींची भेट मात्र घडू द्यायची नाही. मागच्या खेपेला तुम्ही त्या ढोलवाल्याच्या कानाशी वाजवल्यात, त्याला अजून डाव्या बाजूने हाक ऐकू येत नाही. एवढा माझा मान राखा, पाया पडतो.

ता. क. दुसरा. येऊ नका. वरचं सगळं वाचून सौभाग्यवती म्हणाली, "पण तुम्ही तर छडी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालता. तुम्हाला रांगेत कशाला मोजलंत?" मी आकडा खोडून पुन्हा मांडला. मी वगळता बेचाळीस. सहा-सहाच्या सात रांगा. आता तुम्ही आलात तर पुन्हा त्रेचाळीस होतील, आणि शेपटीला तुम्ही लोंबकळाल. घरीच आराम करा.

ता. क. तिसरा. तुम्ही येणार ही बातमी मी आनंदाच्या भरात सरावाच्या वेळी सांगून टाकली होती. ढोलवाल्याने तेव्हाच आपला उजवा कान झाकून घेतला होता. आत्ता "साडू येणार नाहीत" असं सांगायला त्याच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप, आणि ढोल पायरीवर. शेजारीण म्हणाली, सोमवारीच परतणार. उरले एक्केचाळीस. अंगणात कुणालाही न उभं करता मी दोन, तीन आणि पाचनं भागून पाहिलं, आणि शहाण्यासारखा तिथेच थांबलो. तीही मूळच आहे.

तेव्हा शनिवारीच या. झांजा राहू द्या. ढोल तुम्हाला वाजवायचा आहे. हळू.