टेम्पो पाठवण्याआधी

निर्मळ,
१२ फेब्रुवारी २००४

चि. शत्रुघ्न यास धोंडूआत्याचा आशीर्वाद. (अर्धाच पाठवते आहे. उरलेला अर्धा टेम्पोचं तू काय करतोस ते बघून.) तुझी ॲसिडिटी कशी आहे? दिपिकाला म्हणावं, त्याच्यासमोर शेवेचा डबा ठेवू नको, तो लहानपणापासून हावरा आहे. आमच्याकडे बरं आहे, म्हणजे विहिरीला पाणी आहे, केळीला घड आहेत, आणि माझा डावा डोळा अजून उजव्याला सांभाळून घेतो. घरातल्या माणसांचं पुढे येईलच.

तुझं छापील पत्र मिळालं. सख्ख्या आत्याला 'माननीय अध्यक्ष महोदया' लिहितोस, मला वाटलं पोस्टमनने घर चुकवलं. तुमच्या पुण्याच्या कमिटीचं म्हणणं मी दोनदा वाचलं. ऑगस्टपासून आमच्या संस्थेचा अहवाल नाही, वर्ग चालतात की नाही कळत नाही, म्हणून एक मार्चला टेम्पो पाठवून तुम्ही दिलेले दहाही कॉम्प्युटर उचलायचे आणि एव्हरशाईन सिटीतल्या एका शाळेला द्यायचे. तिथे म्हणे फरशी गुळगुळीत आहे आणि शिकवायला माणूस आहे. बरोबर आहे. आमच्या खोलीला शेणाची जमीन होती, तिथे उन्नतीने, माझ्या सुनेने, कोबा करून घेतला. आणि शिकवणारं माणूस होतं ते गेलं. तू दहाव्याला येऊन गेलास, तुला माहीत आहे. कमिटीला माहीत नसेल तर ते सांगायचं काम तुझं होतं.

(मी अध्यक्ष कशी झाले हे कळलं तर तुमची कमिटी टेम्पोऐवजी पोलीस पाठवेल. नोंदणीला सात नावं हवी होती, सहाच जमली, आणि केळी पिकवायची ती खोली माझ्या नावावर. सून म्हणाली, आई, तुम्हीच व्हा अध्यक्ष. मी म्हटलं, बाई गं, मी तिसरीतून शाळा सोडली. तर म्हणते कशी, मग संस्था तुमच्यासारख्यांसाठीच आहे! गोड बोलून कोपरखळी मारावी ती तिनेच.)

आली तेव्हा डोंबिवलीच्या फ्लॅटमधली पोर. पहिल्या वर्षी केळीवर चढायला फांदी शोधत होती. पण ऑफिसातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून इथल्या वाडीतल्या, खाडीवरच्या पोरांना ती मराठीतून शिकवायला बसली. तुझ्या कंपनीने टाकून दिलेली मशीनं तू आणलीस, तिच्या नवऱ्याने, आपल्या सदाने, ती उघडून चालती केली, आणि तिने एकेका बटणावर आपल्या हाताने मराठी अक्षर लिहून चिकटवलं. मशीन बिघडलं की त्याचं, पोर बिघडलं की तिचं, अशी वाटणी. दोघं वर्गासमोर कडाकडा भांडायचे आणि पोरांना वाटायचं, हाही धड्याचाच भाग आहे. श्रावणात आठ दिवसांच्या तापात गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. लिहून उतरत नाही आणि शाई मात्र संपते.

सदाचं सांगते. शाळेत बिनपगारी रजा टाकली. सकाळी उठून वाडीत जायचं आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसायचं. वाढलं ते खायचं. काहीही विचारा, 'हुं'. मुलगी विचारते, बाबा, माझी वही कुठे आहे? 'हुं'. डॉक्टरकडे नेला, गोळ्यांनी झोप आली, बोलणं आलं नाही. शेजारची फ्लॉसी म्हणाली, "त्याला रडू दे गो, धोंडू." मी म्हटलं, मी कुठे अडवलंय? पंचा दोरीवरच आहे. (ती माझ्यावर चिडून गेली आणि संध्याकाळी त्याच्यासाठी खिमट घेऊन आली. तिचं चिडणं असंच.)

आणि पोरं! रोज चार वाजता बंद दारासमोर येऊन बसायची. चपला ओळीत लावायच्या, पाचला उठून जायचं. मी सांगितलं, वर्ग नाही, जा आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी परत हजर. एक म्हणाली, बाईंनी सांगितलंय, खाडा करायचा नाही. आता ज्या बाईंनी सांगितलं त्यांनीच केवढा खाडा केला हे त्या पोरीला कोण सांगणार? मी दार उघडलं. आर्याने, आपल्या नऊ वर्षांच्या नातीने, बटणं दाबली आणि ज्याला जे येत होतं ते तो करत बसला. अहवाल म्हणतोस, तर त्यात काय लिहिणार होते? 'अध्यक्षांनी कडी काढली'?

मग सुकेळ्यांचं प्रकरण झालं. कार्तिकात राजेळी केळी सोलून वाळत घातली आणि चार दिवस आभाळ धरून राहिलं. ऊन नाही मिळालं तर सुकेळी आंबतात, काळी पडतात, सगळा माल वाया. खोलीत गेले तर तुझ्या त्या दहा टीव्हींची डोकी चुलीच्या कडेसारखी ऊन ऊन. एवढी ऊब फुकट चालली आहे हे मला बघवेना. धुतलेलं मलमल अंथरलं आणि दहाही डोक्यांवर केळी मांडली. पोरं खाली टायपिंग करत होती, वर केळी वाळत होती, दोन्ही कामं झकास. दुसऱ्या दिवशी केळ्यांचा रस भोकांतून आत उतरला, मागोमाग मुंग्यांची वरात निघाली, आणि तिसऱ्या टीव्हीतून फट् करून आवाज आला. पोरं ओरडली. सदा वाडीतून धावत आला आणि दारात उभा राहिला.

"आये, हे काय केलंस! त्याला हवा लागते! उन्नी असती तर..."

तिथेच थांबला. तीन महिन्यांत त्याच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य ते, आणि तेही अर्धं. मग स्क्रूड्रायव्हर काढून बसला आणि मला शिव्या घालत कोंबडीच्या पिसाने एकेक मुंगी बाहेर काढली. मी आयुष्यात कोणाच्या शिव्या खाली मान घालून ऐकल्या नाहीत, त्या दिवशी ऐकल्या. जेवताना त्याने मीठ मागितलं. तुला यात काही वाटणार नाही. मला वाटलं, याच्या जिभेला चव आली.

आता इथून पुढचं कमिटीला दाखवू नकोस. सुकेळी ही चूक होती. पुढच्या चुका मी ठरवून केल्या. पंधरा दिवसांनी एक कीबोर्ड रिठ्याच्या पाण्यात बुडवून दोरीवर टांगला. सदा ओरडला, "आये, हे काय भांडं आहे?" आणि बटणाखाली काय असतं ते अर्धा तास समजावून सांगितलं. मी प्रश्नावर प्रश्न विचारले. (देवळातल्या गुरवालाही मी कधी काही विचारलेलं नाही.) मग दहाही मशीनच्या वायरी सोडवून त्यांची तिपेडी वेणी घातली, शेवटाला रिबिनसुद्धा बांधली. ती सोडवायला त्याला आख्खा रविवार लागला. मला बोलता बोलता तो पोरांना बोलायला लागला, ही कुठे जाते, ती कशाला असते, सांग बघू. दीड तास उभा होता. आर्याने फळ्यावर लिहिलं, 'आजचा धडा: वायर'. तेवढा एक वर्ग झाला आहे, अहवालात लिहून टाक.

इथे थांबायला हवं होतं. पण हाताला यश आलं की म्हातारीलाही हाव सुटते. संक्रांतीनंतर मी ती बटणांवरची अक्षरं उपटली आणि बाराखडीच्या पुस्तकासारखी ओळीने लावली. मनात म्हटलं, आता तर घर डोक्यावर घेईल. सदा आला. ओरडला नाही. खाली वाकून बघत राहिला. कागद जुने झालेले, माझ्या नखांनी कडा फाटल्या होत्या, दोन-तीन अक्षरं तर पुसूनच गेली होती. तिचं हस्ताक्षर घरात आणखी कुठे नाही रे. वाणसामानाची यादीसुद्धा ती कॉम्प्युटरवर करायची. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

म्हणाला, "आये, तू हे सगळं मुद्दाम करतेस ना?"

तलाठ्याशी, दलालाशी, तुझ्या मामांशी मी पोटभर खोटं बोलले आहे. त्या दिवशी जमलं नाही. त्याने एकेक अक्षर सोडवून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वाडीत गेला. त्याला वीस दिवस झाले. आता 'हुं'सुद्धा म्हणत नाही. त्याने सोडवावी म्हणून मी बांधून दिलेली गाठ उरली नाही, आणि नवी बांधायला मला भीती वाटते. भीती हा शब्द मी लिहिला आहे, तो एकदाच वाच आणि सोडून दे.

तर बाबा, तुला हात जोडते, टेम्पो पाठवू नकोस. मशीनं चालू आहेत (तिसरं सोडून). पोरं येतात, एकमेकांना शिकवतात, चुकीचं शिकवतात की बरोबर ते मला कळत नाही, पण खाडा करत नाहीत. त्याच्या कानावर तो आवाज जातो, एवढंच काय ते माझ्या हातात आहे. कमिटीला माझा नमस्कार सांग. दिपिकाला आशीर्वाद, पोरांना पापा.

तुझी आत्या,
धोंडूबाई
(अध्यक्ष)

ता. क. पत्र लिहून झाल्यावर चहा घेतला आणि परत वाचलं. हात जोडलेत तेवढं खोडून टाक. टेम्पो पाठव. एक तारखेलाच पाठव, पण चारनंतर, पोरं आत बसलेली असताना. रिकाम्या खोलीसाठी कोण भांडतो? बरोबर एखादा उद्धट माणूस दे. चपला घालून आत शिरणारा, पोरांना उठ म्हणणारा, वायरी हिसकणारा. मी ओट्यावर बसून राहीन, तोंड उघडणार नाही. सदा येऊन दारात आडवा उभा राहिला, तर टेम्पो रिकामा परत जाईल आणि तुझ्या कमिटीला पुढच्या महिन्यापासून अहवाल मिळेल, तोच लिहील. नाही आला, तर भरून ने. मी मध्ये पडणार नाही. फक्त दुसऱ्या दिवशी चार वाजता पोरांना काय सांगायचं ते आधी लिहून पाठव, मला सुचणार नाही.

आणखी एक. माणूस उद्धट दे, पण दांडगा देऊ नकोस. सदा फार वाळला आहे. धक्का लागला तर पडेल.