पहाटेचा पहिला बार

सोमवार, २१ ऑक्टोबर १९३५

उद्याच्या अंकासाठी नगरपालिकेची नोटीस आली. दिवाळीत फटाके दिवेलागणीपासून रात्री दहापर्यंतच. अवेळी जो पहिला बार काढील त्याच्यावर खटला, आणि त्याला माल विकणाऱ्याचा परवाना रद्द.

म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट विसरले की!

कलम लिहिलं शेजारच्या रावजी मेंबरांनी. ओट्यावर गाठलं. "रावजी, अभ्यंगस्नानाचे फटाके?" गृहस्थांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "बैठक संध्याकाळी होती हो. डोळ्यांपुढे लक्ष्मीपूजनच आलं." दुरुस्तीला सभा लागते. सभा दिवाळीनंतर!

बुधवार, २३

इनायत दारूवाला आला होता. बापापासून घरातच फटाके वळतात. चेहरा उतरलेला. "भाऊसाहेब, संध्याकाळी लोक नळे अन् फुलबाज्या नेतात. फटाका विकला जातो तो पहाटेसाठी. सगळा माल तसाच पडलाय. आणि एखाद्यानं वाजवला, तर परवाना माझा जाणार!"

मी अग्रलेखाचं आश्वासन दिलं. सौ. चहा देताना म्हणाली, "अग्रलेखानं फटाके खपतात होय?"

तेवढ्यात देवळालीच्या लष्करी छावणीत तोफांचा सराव सुरू झाला. फडताळातली भांडी थरथरली. सौ. म्हणाली, "यांना नाही का कलम?"

इनायत हसला. बऱ्याच दिवसांनी असावा.

शुक्रवार, २५

आळीत दुसरा विषय नाही. सण सुना नको म्हणून शेवटी सगळ्यांनी इनायतकडून फटाके नेले. खपले, पण ते वाजवायचे की नाही? कोणी म्हणतो, समोरच्यानं लावला की आम्ही लावू. समोरचाही तेच म्हणतो! आणि इनायत प्रत्येकाला हात जोडतोय — "न्या, पण पहिला लावू नका हो!"

शनिवार, २६

लिहिलंच पाहिजे.

पहाटे अंगाला तेल लावून ओट्यावर आलो. दारोदार माणसं उभी, हातात पेटलेली उदबत्ती. कोपऱ्यावर शिपाई. अंगणात कारिटं फुटली, पण फटाका एकही नाही. तिकडे पंचवटीही गप्प. दिवाळी आहे की सुतक, कळेना! इनायत भिंतीला टेकून उभा, डोळे मिटलेले.

आणि एकदम — धडाम! जमीन हलली. कावळे उडाले. परसातून सौ. पदरानं तोंड पुसत धावत आली. "अहो, देवळालीची तोफ!"

मी ओरडलो, "तोफ! तोफ झाली!" आळीभर तेच. "सरकारनंच सुरुवात केली!" मग काय विचारता! या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता कडकडाट. शिपायाला कोणी हसत म्हटलं, "धर ना!" तो म्हणाला, "कोणाकोणाला धरू? तोफेपासून सुरुवात करू का?" आणि खिशातून स्वतःची माळ काढली.

इनायतनं डोळे उघडले, ते पुसायलाच.

स्नान बादलीनं उरकलं. घंगाळ गळतंय म्हणे.

सोमवार, २८

रावजी आले. पहिला बार कोणाचा, हे अध्यक्ष विचारताहेत. इनायतचं नाव पुढे आलंय. मी उद्याच्या अंकाचं प्रूफ पुढे केलं. मथळा — 'पहिला बार सरकारी तोफेचा'. खाली माझी प्रत्यक्षदर्शी हकिकत, शिपायाच्या आणि आळीच्या साक्षीसकट.

रावजींनी दोनदा वाचलं. "म्हणजे खटला तोफेवर?"

"कलम तुमचंच."

"अहो, पण तोफेला नोटीस चिकटवायची कुठे!"

पोट धरून हसले. इनायतचा परवाना वाचला.

मंगळवार, २९

अंक हातोहात संपला. इनायत शिरखुर्म्याचा डबा घेऊन आला. मला सलाम केला. डबा मात्र थेट आत सौ.कडे दिला. थोडी गंमत वाटली.

गुरुवार, ३१

भिका तांबट दुरुस्तीचं घंगाळ घेऊन परत आला. "भाऊसाहेब, हे गळत नाही. बूड बाहेर फुगलंय, अन् आतून फटाक्याच्या दारूनं काळं झालंय. पालथं घालून खाली काय लावलं होतं?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं. बांगड्यांचा आवाज थांबला होता.

मग स्वयंपाकघरातून शांतपणे आलं, "राहू दे रे भिका, ठोकू नकोस. दुरुस्तीची सभा अजून झालेली नाही."