देवळालीची गिटार

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आज तालमीत सगळ्यांसमोर लाज गेली. वरची पट्टी लावली की तार नुसती खरखरते, आणि दर दोन गाण्यांनी गिटार उतरते. पंधरा वर्षं झाली हिला, ती तरी काय करणार! अंगद कीबोर्ड बंद करून म्हणाला, "दीना, चौदा डिसेंबरच्या कार्यक्रमाला हीच घेऊन येणार असशील तर मला दुसरा गिटारवाला बघावा लागेल. तिकिटं विकलीत आपण."

आपण! आठ वर्षं या ग्रुपमध्ये आहे मी. मुख्य गिटार पहिल्यांदाच वाट्याला आलीय. अडतिसाव्या वर्षी.

९ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर पप्पांना सांगितलं. चर्चच्या गायनमंडळाचे पुढारी, पेटी सोडून कशालाच वाद्य मानत नाहीत. "हात चांगला असला की कुठलीही वाजते," म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःच, "किती लागतील?"

शिकवण्यांचे साठवलेले ऐंशी हजार आहेत. त्याच्या वर एक रुपया नाही. ठरलं.

१३ नोव्हेंबर

शाळेत रजा टाकून पुण्याला गेले. दुकानातला मुलगा हसून म्हणाला, "मुलासाठी घेताय का मॅडम?" मी गिटार गळ्यात घातली आणि वाजवली. मग त्याने स्टूल पुढे सरकवलं.

इंडोनेशियात बनलेली, कोरी, बहात्तर हजार. एक वर्षाची हमी. आवाज स्वच्छ आहे, कुठेही चूक काढता येत नाही. पण वाजवून खाली ठेवली आणि परत उचलावीशी वाटली नाही. शेजारीच काचेत अमेरिकन होती. दोन लाखांच्या पुढे. तिला हात लावायला मागितलंच नाही.

१५ नोव्हेंबर

मोबाईलवर जाहिरात. काचेत होती तसलीच अमेरिकन, आठ वर्षं वापरलेली, ऐंशी हजार. गाव — देवळाली प्रवरा!! इथून तासाभरावर!

अंगदला फोटो पाठवला. त्याचं उत्तर — "चोरीची नाहीतर डुप्लिकेट. नादी लागू नको."

१६ नोव्हेंबर, रविवार

राहुरी फॅक्टरीला एसटीतून उतरले, पुढे रिक्षा. उसात घर. समर्थ नाव त्याचं, तिशीचा असेल. पुण्यात कंपनीत होता, पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून घेतलेली गिटार. बिल जपून ठेवलंय. नंबर जुळवला, जुळला. गिटारीची मान डोळ्यासमोर धरून पाहिली, सरळ. कुठे चीर नाही, जोड नाही.

मग विचारलं, "का विकताय?"

त्याने डाव्या हातावरचा टॉवेल काढला. तीन बोटं नाहीत. गेल्या वर्षी सुट्टीत घरी आला होता, कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली. आई, राहीबाई, दाराशी उभी होती. ती आत निघून गेली.

"वाजवा," तो म्हणाला.

त्या हाताकडे बघत कसं वाजवणार? तरी वाजवलं. दोन ठिकाणी चुकले. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "नाही द्यायची."

"पैसे कमी वाटतात का?"

"पैशाचं नाही. तुम्ही घाबरत वाजवता. ताई, राग मानू नका. याच्या आधी दोघांना परत पाठवलंय."

रिक्षापर्यंत राहीबाई सोबत आली. म्हणाली, "नंबर दे तुजा. पोरगं दिसभर तिच्याकडं बघत बसतंय. जेवत न्हाई धड."

१७ नोव्हेंबर

घाबरत वाजवते म्हणे! तो कोण सांगणारा!

१८ नोव्हेंबर

खरं आहे ते. म्हणून तर झोंबलं.

२१ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत राहीबाईचा फोन. "बाई, उद्याच्याला ये आन् घिऊन जा ती. समर्थ दवाखान्यात जानार हाय, नगरला. घरात म्या एकलीच."

"त्याला सांगितलंय का मावशी?"

"त्याचं म्या बघते. तू ये."

पुढचे दोन तास वर्गात काय शिकवलं, देव जाणे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेले. आणली.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःलाच दुसरं काही सांगेन. दाराशी पुन्हा विचारावंसं वाटलं — समर्थला माहीत आहे ना? विचारलं नाही. कारण ती नाही म्हणाली असती तर परतावं लागलं असतं.

मी पैसे काढायला लागले तर राहीबाई म्हणाली, "आधी वाजवून बघ की. चांगली बघून घे." म्हटलं, बघितलीय त्या दिवशी. "तरीबी वाजव." बसले. समोर कोणी नाही, राहीबाई सुपात बाजरी पाखडतेय, बाहेर शेळी ओरडतेय. वाजवत गेले. किती वेळ गेला कळलं नाही. एकदाही हात अडला नाही. इतकं मोकळं मी आयुष्यात कधी वाजवलं नसेल! डोळे उघडले तर राहीबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होती.

पैसे दिले. गिटार खांद्याला अडकवली आणि जवळजवळ पळतच निघाले. फाट्यावर एसटी यायला वीस मिनिटं. येणारी प्रत्येक मोटरसायकल समर्थचीच वाटत होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

उपासनेत वाजवली. लोक वळून बघत होते. घरी आल्यावर पप्पा म्हणाले, "सोन्यासारखी आहे गं. इतक्या सहज दिली त्याने?"

"हो," म्हटलं. चर्चमधून आल्याला तासही झाला नव्हता.

२५ नोव्हेंबर

समर्थचा फोन. नाव बघून मोबाईल पालथा घातला. घेतला नाही.

परत वाजला. परत नाही घेतला.

२७ नोव्हेंबर

अंगद नुसता नाचतोय. "काय आवाज आहे! चौदा तारखेला हॉल उठून उभा राहील." त्याला काय सांगू, मला तो आवाज आला की टॉवेल दिसतो.

संध्याकाळी पप्पांना सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील, बायबलमधलं वचन ऐकवतील. काही नाही. शर्टाचं बटण लावत होते, तेच लावत राहिले. म्हणाले, "मला काय सांगतेस? माझी थोडीच होती ती?"

२९ नोव्हेंबर, शनिवार

परत देऊन आले.

राहीबाई एकटीच होती. समर्थ पाटाचं पाणी उसाला धरायला गेलेला. बरंच झालं. त्याच्यासमोर उभं राहण्याचा धीर नव्हताच. ओसरीवर गिटार ठेवली आणि घडाघडा बोलून टाकलं — त्याच्या नकळत नेली, मला कळत होतं, तरी नेली, चुकलं माझं.

राहीबाई मटकन खाली बसली. "आगं बाई! ह्ये काय केलंस तू?"

"त्याची वस्तू आहे मावशी. त्याच्या मनाविरुद्ध मला नको."

ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं, मिटलं. "तुला न्हाई कळायचं. आता त्याला म्या काय सांगू?" मग आत जाऊन पैसे घेऊन आली. रुमालात होते तसेच, एक नोट मोडली नव्हती. माझ्याकडे न बघताच दिले.

पोराला घाबरली असेल बिचारी. पण मी सुटले. एसटीत झोप लागली, आठवड्यात पहिल्यांदा.

२ डिसेंबर

पुण्याहून कोरी आणली, बहात्तरवाली. हमीचं कार्ड पप्पांच्या फायलीत. अंगदचं तोंड एवढंसं झालं. "पहिली कुठंय?" म्हटलं, ज्याची होती त्याच्याकडे.

९ डिसेंबर

आठवडाभर रोज दोन तास बसतेय. गिटारीत दोष नाही. आता हातच बसवायचा आहे.

१४ डिसेंबर, रविवार

झालं! हॉल भरलेला. एकदा चुकले, कुणाला कळलं नाही. पप्पा दुसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीत. टाळ्या वाजल्या तेव्हा स्वतःबद्दल बरं वाटलं. गिटारीमुळे नाही. आपण सरळ वागलो म्हणून.

१६ डिसेंबर

समर्थचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते —

"ताई, कार्यक्रमाचा व्हिडिओ बघितला. नवी गिटार घेतलीत. फोन केले होते, उचलले नाहीत, म्हणून लिहितोय. त्या शनिवारी मी दवाखान्यात गेलो नव्हतो. आतल्या खोलीत होतो. समोर बसून तुमच्या हातात द्यायला जमलं नसतं, म्हणून मी घरात आहे हे सांगायचं नाही अशी शपथ घालून आईला फोन करायला लावला. तुम्ही वाजवलंत ते सगळं ऐकलं. त्या दिवशी घाबरला नाहीत. नंतर मी पोटभर जेवलो. मग परत का आणलीत ताई? आवडली नाही का?"