उंचीचा क्रम

२० फेब्रुवारी

चि. भाऊ यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वळणदार अक्षरातल्या फुलबियांच्या पाकिटांनी माझी छान फजिती केली! नावे वाचून उंच वाढणारे लार्कस्पर मागे कुंपणाच्या भिंतीलगत पेरले, बुटका कॅलेंडुला पुढे खिडकीखाली. आता कंबरभर लार्कस्परने खिडकी झाकली आहे आणि वीतभर कॅलेंडुला मागे रुसून बसला आहे. मधला कॉर्नफ्लॉवर तेवढा जागेवर. बाबांनी चाळीस वर्षे बियाणे विकले. त्यांची चूक होणे नाही. तेव्हा कान तुझाच पिळायला हवा.

दोन वर्षांत त्यांनी माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेले नाही. रागावलेत का, हळूच विचार.

कान पिळूनही माया करणारी,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कान पिळ, पण आधी ऐक.

नावे मी लिहितो, बिया बाबा भरतात. नावे घातलेली रिकामी पाकिटे खोक्यात नेहमी उंचीच्या क्रमाने असत: लार्कस्पर, कॉर्नफ्लॉवर, कॅलेंडुला. यंदा नीटनेटकेपणाच्या हौसेने मीच ती वर्णानुक्रमे लावली. क्रम बरोबर उलटा झाला. बाबांनी मात्र जुन्याच क्रमाने बिया भरल्या. नावे डोळ्यांसमोर असताना?

काल त्यांच्या हाती एक पाकीट देऊन वर काय लिहिले आहे ते विचारले. त्यांनी आतले बी चाचपले आणि ठामपणे कॅलेंडुला असे सांगितले. पाकीट कोरे होते, ताई.

वाकड्या नखासारखे बी, एवढीच त्यांची खूण. जिना ते पायऱ्या मोजून उतरतात. एका घरात राहून मला पत्ता नाही! तुझी अकरा पत्रे त्यांच्या कपाटात आहेत. एकही फोडलेले नाही. मी दिवसभर ऑफिसात असतो. ते पडले तर? बागेला कुलूप लावले आहे.

तुझा लोभ उरला असल्यास पाठवावा.
भाऊ

२ मार्च

चि. भाऊ यास, आशीर्वाद.

गेल्या खेपेला माझे फोटो हातात धरून बाबा ‘छान आलेत’ म्हणाले, आणि मी फुशारले!

डॉक्टरांना ताबडतोब दाखव. पण कुलूप काढ. याच कुलपाच्या भीतीने ते गप्प राहिले असणार.

तुझ्याइतकीच आंधळी ठरलेली,
ताई

९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

दृष्टी परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. मला खुर्चीतून उठवेना. बाबांनीच हात धरून मला बाहेर आणले.

कुलूप काढले. फाटकापासून वाफ्यापर्यंत दोरी बांधली. पाकिटे पुन्हा उंचीने लावली. घरातली कोणतीही वस्तू विचारल्यावाचून हलवायची नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.

अकराही पत्रे वाचून दाखवली. तुझ्या उलट्या वाफ्याची हकीकत ऐकून ते पोटभर हसले. मग लार्कस्परचा रंग कसा आला आहे ते विचारले. मी निळा म्हटले, तर असला नुसता निळा तुझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्यालाच दिसतो, म्हणाले.

तेव्हा त्या झाकलेल्या खिडकीत बस आणि तो निळा नीट लिही. पत्र त्यांच्याच नावे धाड. फोडायला मी आहे.

तुझा,
भाऊ