विहीणबाई पुलावर पडल्या

रवि., ४ जाने.
सुनंदा, तारीख ठसठशीत लिही. पुढं हे वाचणार तुझी लेक प्राजू. कंपनीत सगळ्या लाईनची हजेरी तिला तोंडपाठ, पण शिरूरला एक आजी हाय, तेवढंच नेमकं विसरती.
कारेगावात खोली करून राहती. सुट्टीला निघती, शिरूरच्या स्टँडवर गाडी बदलती, आन् दौंडवरनं थेट पाटस. आईच्या आईकडं! घराच्या दारावरनं जाती म्हणा की. का, तर विहीणबाई तिच्यासंगं गेम खेळत्यात. तलवारी, राक्षस, डोंगर. ह्या वयात.
सुनेचा पेन थांबला. म्हणलं, "लिही. तुझ्या आईचंच कौतुक चाललंय."

मंगळ., ६ जाने.
मलाबी शिकव म्हणलं, तर प्राजूनं जुना टॅब धाडला. विहीणबाईंना नवा. असू दे.
फोनवर शिकवणी: "आजी, घाई करू नको. रस्ता सोडून भटक. दिसेल तो पाला तोड. भेटेल त्याच्याशी बोल. पुलावरच्या राक्षसाला आत्ता भिडायचं नाही, अंगात जोर आला की मग."
अक्षर येत न्हाई, चित्रं वळखते. लाल गोळा म्हंजी जीव. हिरवं पान म्हंजी औषध. कोल्ह्यानं चावलं की पान दाबायचं. चारदा दाबलं.

शुक्र., ९ जाने.
प्राजू म्हणती, घर दिसलं की आत शीर, पेटीतलं उचल. मालक चुलीपाशी बसलेला, आन् मी त्याच्यासमोर पेटी उघडू?
"अगं, तो काही बोलत नाही."
बोलत न्हाई म्हणून न्यायचं व्हय? राम राम घातला, बाहेर आले. उभ्या पिकातनंबी जाववंना. बांधाबांधानं फिरते, तिथं पाला लई. पिशवी भरली, पण अंगावर अजून फाटकाच सदरा.
विहीणबाईंनी पयल्याच दिवशी आख्ख्या गावाच्या पेट्या धुऊन नेल्या म्हणे. पांढरा घोडाबी घेतला. फोन करून विचारत्यात, "विहीणबाई, अजून पायीच का?"
व्हय. पायीच.

रवि., ११ जाने.
प्राजू पाटसला. परत.
तिघींनी मिळून खेळायचं ठरलं. टॅबमधनं आधी त्या दोघींचं हसणं आलं, मग "आजी, दिसतीय का तुला?" दिसतंय सगळं.
विहीणबाई घोडा उधळत पुलावर. प्राजू ओरडती, "थांब, एवढ्यात नको!" घोड्यावर बसलेलं माणूस ऐकतंय कुठं. राक्षसानं एकच सोटा घातला. घोडा एकीकडं, विहीणबाई एकीकडं.
संगं खेळणाऱ्या कुणी औषध दिलं तर उठायचं, न्हाईतर घोडा, कपडे, सगळं गेलं. प्राजूचं औषध संपलेलं.
"शिरूरच्या आजी, तुझ्याकडं आहे का गं?"
आता आठवली शिरूरची आजी.
होतं की. जवळ गेले. उभी राहिले. जरा जास्तच उभी राहिले असंन... तेवढ्यात लाईट गेली, वायफाय गेलं. लाईट काय मी घालवली न्हाई.

सोम., १२ जाने.
प्राजूचा फोन. "आजी, तिथंच सेव्ह झालंय. तू फक्त हिरवं पान दाब."
म्हणलं, "बाई, मला कुठं अक्षर कळतंय? येऊन दाखव."
"अगं, चित्र आहे पानाचं!"
"चित्रबी दिसंना झालंय बघ."
सुनंदा पदर तोंडाला लावून हसती. हसू नको, लिही.
प्राजू म्हणली, रविवारी बघते. 'येते' न्हाई म्हणली.

बुध., १४ जाने.
संक्रांत. विहीणबाईंचा फोन. तीळगूळ घ्या, गोड बोला झालं, मग हळूच, "उठवा की आता. प्राजू म्हणती घोडा जाईल. लई गुणी हो माझा घोडा."
आवाज पार बारीक झालावता. तिथं पाटसला त्याबी एकट्याच बसत्यात की. पण घोडा पांढरा हाय, ते मी विसरले न्हाई.
म्हणलं, "उठवीन. तुमच्याकडं गुऱ्हाळं चालू हायत, ताजी काकवी पाठवा. काचंच्या बरणीत, प्लास्टिकचा वास लागतो. कंडक्टरकडं देऊ नका, सांडंल. प्राजूच्याच हाती द्या, रविवारी. आन् तिला घोटभर च्या पाजून लगेच गाडीत बसवा. भाकरी मी ऊन ऊन टाकून ठेवते, काकवी तेवढी दुपारच्या आत पोचू द्या."